ज्या हातांतून आलं

प्रिय खारूताई,

पत्रासोबत एक डबा आजच माणसाच्या हाती पाठवते आहे. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तो उघडायचा नाही. तुला मी ओळखून आहे. लहानपणी भेटवस्तूचा कागद आधी टराटरा फाडायचीस आणि कुणी दिली ते मागाहून विचारायचीस. पण आता तू चार वर्षांच्या मुलीची आई आहेस, तेव्हा थोडा धीर धर. डबा ठकीच्या हाताला लागणार नाही असा वरच्या फळीवर ठेव आणि मग वाचायला बस.

इकडे सगळं ठीक आहे. आज शनिवार, म्हणजे उद्याच्या चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी पाव करायचा दिवस. पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलंय, ते फुगून येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. पानावर कुठे पिठाचा हात लागला असेल तर चालवून घे. तुझे बाबा पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी जुनं घड्याळ उघडून बसलेत. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय, तर म्हणतात, मी लोकांची घड्याळं चालवतो तेवढं पुरे. आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

तुझी यादी पोचली. सुट्टीत ठकी आमच्याकडे पंधरा दिवस राहणार म्हणून तिला काय द्यायचं, काय नाही, ते तू लिहून पाठवलंस. तीन पानं! त्यातलं 'काय चालेल' अर्ध्या पानात संपलं आणि उरलेली अडीच पानं 'काय चालणार नाही'. बाबांनी ती कोर्टाची नोटीस वाचावी तशी उभं राहून मोठ्यानं वाचली आणि शेवटी विचारलं, पाणी चालतं का गं? आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग मी ती पुन्हा एकदा एकटीनं वाचली आणि माझं हसू गेलं. अक्षर तुझं होतं, पण वाक्यं सगळी माझी होती. पांढरं पीठ म्हणजे जीव काढून घेतलेलं पीठ, हे माझं. पाकिटावरचं नाव वाचताना जीभ अडखळली तर ती वस्तू पोटात घालायची नाही, हेही माझंच. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता सांगितल्यासारखं, तू लिहिलंस की ठकीला दर शनिवारी तिच्या दुसऱ्या आजीकडे पाठवणं आता बंद केलंय, कारण त्या ऐकत नाहीत, मुलीच्या हातात बिस्कीट देतातच. जावईबापू मूग गिळून बसले असतील, हे तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं.

आता लगेच नाक फुगवू नकोस. खाण्यापिण्याची काळजी घेणं चूक आहे असं मी म्हणणार नाही, मी तर नाहीच नाही. माझ्या वडिलांचा पाय साखरेच्या आजारानं गेला. ज्या वॉर्डात मी नर्स होते त्याच वॉर्डात त्यांच्या पायाची पट्टी मी स्वतः बदलायचे. तेव्हाच मनाशी ठरवलं की माझ्या घरात असं होऊ द्यायचं नाही. हे शरीर देवानं आपल्याला राहायला दिलेलं घर आहे, आणि धान्य, फळं, कंदमुळं त्यानं पुरती विचार करून घडवली आहेत, मग आपण कशाला त्यांचा कोंडा काढून, रंग लावून शहाणपणा करायचा? हे मी आजही मानते. तूही ठकीच्या अंगावरच्या पुरळासाठी डोळ्यांत तेल घालून काय खाल्लं की उठतं ते शोधून काढलंस. तुझं मला फार कौतुक आहे, बाळा. पण ते पुरळ जाऊन सहा महिने झाले, आणि आता सगळं चालेल असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मागच्या पत्रात तूच कळवलंस.

आपली जेवणाआधीची प्रार्थना तू ठकीला शिकवली आहेस ना? ज्या ज्या हातांतून हे अन्न आलं त्या हातांना आशीर्वाद दे, असं म्हणून एकेकाची आठवण काढायची. शेतकरी, गिरणीवाला, दूधवाला, शेवटी आई. तू लहान असताना ती यादी लांबवत न्यायचीस, म्हणजे भाजी थंड होईल आणि खावी लागणार नाही. एकदा तर तू रस्ता झाडणाऱ्यापर्यंत पोचली होतीस, कारण दूधवाला त्याच रस्त्यानं येतो. बाबांना हसू आवरायचं नाही आणि मी एक डोळा उघडून त्यांच्याकडे रागानं बघायचे.

आता जे लिहिणार आहे ते तुला आठवतंय की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, कारण आठवत असेल अशी भीती होती. तुझा आठवा वाढदिवस. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी केक घेऊन खाली आल्या. तुझ्या प्रत्येक फ्रॉकची दुमड त्यांनीच घातलेली, एकट्या राहायच्या, मुलंबाळं नव्हती. केकवर गुलाबी साखरेचा जाड थर आणि त्यावर तुझं नाव, शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली घसरलेलं. मी तोंड भरून आभार मानले. त्या वर गेल्या, आणि मी तो केक मागच्या अंगणात नेऊन खताच्या खड्ड्यात टाकला. वर पाहिलं तर मावशी खिडकीत उभ्या. त्यांनी हळूच पडदा ओढून घेतला. आणि तू दारात उभी होतीस, तू मला आणि त्यांना, दोघींनाही पाहिलंस.

त्या रात्री जेवणाआधी तू प्रार्थनेत म्हणालीस, आणि वरच्या मावशींच्या हातांना. मी तुला मध्येच तोडलं. आपल्या ताटात त्यांचं काही नाही, असं म्हणाले. असं मी देवापुढे, हात जोडलेले असताना म्हणाले! तू खाली मान घालून जेवलीस. पुढे कित्येक दिवस तुझी प्रार्थना फार आखूड झाली होती आणि मी समजत होते की पोरीला भाजी आवडायला लागली.

प्रभूला ज्यानं ज्यानं बोलावलं त्याच्याकडे तो जेवला, हे मी रविवारच्या वर्गात मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. लोकांनी त्याला खादाड म्हटलं तरी तो कुणाच्या पंगतीतून उठला नाही. शिकवत होते मी, पण माझ्याच डोक्यात शिरलं नव्हतं. मावशी पुढे दोन वर्षांनी बहिणीकडे राहायला गेल्या. तोवर तुझे फ्रॉक शिवून देत राहिल्या, केकचा विषय चुकूनही काढला नाही. माफी मागायला मी दोनदा जिना चढले आणि दोन्ही वेळा माप घ्यायचंय असं सांगून परत आले. मग त्या वारल्याची बातमीच आली. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते.

हे सगळं आजच का, ते आता सांगते. परवा सकाळी दारावरची बेल वाजली. बघते तर तुझ्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, दोन बस बदलून आलेल्या. अंगावर चर्चला जातानाचे कपडे, हातात बिस्किटांचा डबा, न उघडलेला, तू परत पाठवलास तोच. मला वाटलं, आता तुझं गाऱ्हाणं सांगतील, आणि मी तुझी बाजू घ्यायची तयारीही केली. पण त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, तुम्ही ज्या पद्धतीनं करता ती मला शिकवा, म्हणजे मला पोरीला भरवता येईल. अगं, साठी उलटलेली बाई, जिनं दोन मुलं वाढवली, ती माझ्या टेबलाशी शाळेतल्या मुलीसारखी लिहून घेत होती. माझे हात थांबले. मी त्यांना तेव्हाच मावशींची गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघी रडलो, आणि मग बाबा चहा मागायला आले म्हणून डोळे पुसले. बिस्किटं आम्ही मिळून केली. सगळी कणीक आपली घरी दळलेली, मध, बदाम, जे तुझ्या अर्ध्या पानात आहे तेवढंच. फक्त भट्टीत घालायच्या आधी मी ताट पुसत असताना विहीणबाईंनी वरून साखरेची एक बारीकशी चिमूट भुरभुरवली. मी पाहिलं आणि बिस्किटं तशीच भट्टीत सरकवली. आता डबा उघड. ठकीला जवळ घे, हात जोडा, आणि तिला हव्या तेवढ्या जणांची आठवण काढू दे, पण सगळ्यात आधी तिच्या त्या आजीच्या हातांची. तिला मध्येच तोडू नकोस. आणि खाऊन झालं की फोन कर. मला नको, मी उद्याही भेटेन. त्यांना कर. आज शनिवार आहे गं, त्या खिडकीत उभ्या असतील.

तुझीच,
जिना उतरून परत आलेली आई