धूरपट्टी आणि पोकळ लाद्या

पनवेल,
नारळी पौर्णिमेनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप महादेवभावोजी यांस,

कुंदनचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसं काही नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईची साखर उतरली का? फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलत नाही. ताई उचलते, "ते घरात नाहीत" म्हणते, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. (खोकला जुना वाटतो. डॉक्टरांना दाखवा.) म्हणून पत्र. फाडलंत तरी फाडण्याआधी थोडं वाचाल, एवढीच आशा आहे.

नारळ सोडल्यावरच्या पहिल्या फेरीला माझ्या कारखान्यातून बर्फ आला, मोऱ्याच्या धक्क्यावर तुमच्या बोटीच्या तांडेलाने लादीवर हातोडा मारला, आणि आतून शहाळ्यासारखं पाणी उसळलं. सगळा धक्का हसला. कोणीतरी स्ट्रॉ मागितला म्हणे. सख्ख्या मेव्हण्याने पोकळ बर्फ पाठवला, हे दुःख मी समजू शकतो. पण भावोजी, ती लबाडी नव्हती. ती धूरपट्टी होती.

घरपट्टी, पाणीपट्टी तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्याला आणखी एक असते. महावितरणची वीज घेतली की कर बिलातच लागून येतो. भरला की विषय संपला. पण लाईट गेल्यावर आपण जो डिझेलचा जनरेटर लावतो, त्याच्यावर आपणच तयार केलेल्या विजेचाही कर सरकारला द्यायचा असतो, आणि धूर करतो म्हणून वर पर्यावरणाचा अधिभार. म्हणजे लाईट जाणार त्यांची, डिझेल माझं, आणि दंडवत पुन्हा त्यांनाच. आमच्या लाईनीतले सगळे कारखानदार त्याला धूरपट्टी म्हणतात. जनरेटरला वेगळं मीटर बसवायचं, दर महिन्याला किती युनिट काढले ते संकेतस्थळावर कळवायचं आणि त्याप्रमाणे भरणा करायचा. हे सगळं मला आमच्या खांदा कॉलनीतल्या कल्पेशने, म्हणजे आमच्या कर सल्लागाराने, नोटीस आल्यानंतर सांगितलं. आधी का सांगितलं नाहीस, विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तुमचा जनरेटर शोभेचा आहे."

मी चिडलो नाही. उलट माझं मत असं की समुद्र दिवसेंदिवस तापतोय, मासळी लांब जातेय, तर धुराचा दोष आपणही उचलावा. मी भरायला तयार होतो! हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा. उभ्या पनवेलमध्ये स्वतःहून धूरपट्टी भरायला निघालेला मी एकटा माणूस असेन, आणि मलाच ती भरता येईना. संकेतस्थळाने विचारलं, उद्योग कोणता? यादीत साबण होता, सिमेंट होतं, अगरबत्ती होती, बर्फ नव्हता. मी 'इतर' निवडलं. तर म्हणे, तपशील लिहा. मी 'बर्फ' लिहिलं. तर म्हणे, किमान दहा अक्षरं हवीत. मी वैतागून बर्फ बर्फ बर्फ बर्फ बर्फ असं लिहिलं. ते मात्र त्याला पटलं. पण पैसे काही घेईना. अर्ज 'पडताळणीसाठी प्रलंबित' झाला आणि पुढच्या पत्रावर पत्ता आला: मेसर्स बर्फ बर्फ बर्फ बर्फ बर्फ, पनवेल. पोस्टमन अजून मला याच नावाने हाक मारतो.

मग पडताळणीला साहेब आले. चारुदत्त नाखवा, तरुण माणूस, सायकलवर. (सायकलवर येणारा अधिकारी चांगला नसतो.) चहा घेतला नाही. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. दमयंतीने निघताना पापलेटची जोडी पिशवीत घालून पुढे केली, तर अगदी नम्रपणे म्हणाले, "वहिनी, मासे ताजे आहेत, म्हणूनच नको." या वाक्याचा अर्थ आम्ही नवराबायको अजून लावतोय. त्यांनी जनरेटर पाहिला, मीटर नाही हे पाहिलं आणि शांतपणे सील लावलं.

मी म्हटलं, "साहेब, मी कर भरायला तयार आहे हो!"

"तयार आहात याची मी नोंद घेतली आहे," ते म्हणाले. "भरलात की त्याचीही घेईन."

भावोजी, लाचखाऊ माणसाशी बोलता तरी येतं. प्रामाणिक माणसापुढे आपण काय ठेवणार?

मीटर मी लगेच बसवून घेतलं. पडताळणी बाकी म्हणून भरणा तेवढा अडकला. आणि तुमचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट गेली. कुठेतरी केबल तुटली होती. टाकीत तुमच्याच लाद्या जमत होत्या. कडा धरलेल्या, मधे सगळं पाणी. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी लाईट नाही. टेम्पो दारात उभा, भरतीची वेळ ठरलेली, आणि जनरेटर समोर गळ्यात सील घालून बसलेला. दमयंती पक्कड घेऊन आली. म्हणाली, "तुमी बाजूला व्हा. मी तोडते ते. माज्या नंदेच्या घरची बोट हाय, बिनबर्फाची जानार नाय." मी तिचा हात धरला. सील तोडणं हा गुन्हा आहे, आणि तुरुंगात गेली असती तर तिने तिथलाही कारभार हातात घेतला असता.

मी नाखवासाहेबांना फोन केला, आणि खरं सांगतो, फोनवर रडलो. ते आले. सायकलवरच, चिखलाने माखलेले. नवं मीटर पाहिलं आणि म्हणाले, पडताळणी पूर्ण झाली, आता भरणा करा, पावती दिसली की सील काढतो. संकेतस्थळ उघडलं, तर 'देखभालीसाठी बंद'. मग त्या माणसाने काय करावं? बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आमच्या माणसांबरोबर लाद्या ओढायला लागला. गोणपाट घालून, भुसा टाकून टेम्पो त्यानेच भरला. हात लालभडक झाले होते. मधे मधे माझ्या मोबाईलवर संकेतस्थळ सुरू झालं का बघत होता. पण सीलला हात लावला नाही. मी म्हटलं, साहेब, एवढं करताय तर... तो म्हणाला, "हे मी करतोय. ते सरकार करतं."

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला आणि संकेतस्थळ सुरू झालं. भरणा झाला, पावती आली, साहेबांनी सील काढलं, मी जनरेटरचं बटण दाबलं. आणि लाईट आली. मी तिथेच भुशावर बसलो. साहेबांनी मात्र समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं, धूर वाचला."

पोकळ लाद्या पाठवायला नको होत्या, हे मला कळतं. पण रिकामा टेम्पो पाठवायची हिंमत झाली नाही. तुमची बोट शेवटी दुसऱ्याच्या बर्फावर गेली, हे ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही. (तिसऱ्या दिवशी जेवलो. लपवत नाही.) आता मी ठरवलंय, कारखाना बंद करायचा. दर महिन्याला ही धूरपट्टी, हे विवरण, आणि तपासणीला तोच माणूस, तीच सायकल. माझ्याच्याने होणार नाही. मला कोणाचा राग येत नाही, हेच सगळ्यात वाईट आहे; निदान राग आला असता तर बरं वाटलं असतं.

ताईला नमस्कार. खोकल्याचं बघा.

तुमचा मेव्हणा,
कुंदन

ता. क. दमयंतीने पत्र वाचलं. ती म्हणते, कारखाना तिच्या नावावर आहे, बंद करणारा मी कोण? तेव्हा तो मजकूर रद्द समजावा.

ता. क. २. खरं काम राहिलंच. आपल्या मोनालीसाठी स्थळ बघताय असं ताई म्हणाली होती. मामा म्हणून माझंही काही कर्तव्य आहे. चारुदत्त नाखवा, सरकारी नोकरी, निर्व्यसनी, आपल्यातलाच, घर अलिबागकडे. अजून लग्न झालेलं नाही. लाद्या कशा उचलतो ते मी पाहिलंय. असा मुलगा शोधून मिळणार नाही.

ता. क. ३. जवळच्या नातेवाइकाच्या कारखान्याची तपासणी त्याला करता येत नाही, दुसरा अधिकारी नेमतात. हे मी त्यालाच सहज विचारून घेतलं. साखरपुड्यापासून नातं धरतात की लग्नापासून, ते तेवढं विचारायचं राहिलं.