मान्य असेल त्याने बसावं

दि. ४ जून

चि. भोंग्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

आमदार झालास म्हणून मी काही श्रीयुत वगैरे लिहिणार नाही. तुझी शपथ टीव्हीवर आली तेव्हा काचकारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तू तोंड उघडलंस आणि कॅन्टीनवाल्याने धावत जाऊन आवाज कमी केला. अरे, समोर माइक असतो ना! युनियनचा सेक्रेटरी होतास तेव्हा यंत्रांच्या धडधडीत गेटवर ओरडायचास ते ठीक होतं. तिथे काय बहिऱ्यांची सभा आहे?

बाटल्या तपासायच्या टेबलावर पोरींनी मला धड काम करू दिलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, कंत्राटी कामगारांना कायम करायचं विधेयक कधी येणार? मला अजूनही सहा महिने भरले की घरी बसवतात आणि चार दिवसांनी नवी म्हणून परत घेतात. इतक्या वर्षांची मी, पण कागदोपत्री अजून नवी कोरी.

जेवण वेळेवर घे. माया आहेच, पण चिडवायचं सोडणार नाही.

तुझी,
ताई

दि. १९ जून

ती. ताईस, शि. सा. नमस्कार वि. वि.

आमदार निवासातली गादी इतकी मऊ आहे की पाठ धरते, म्हणून मी खाली सतरंजीवर झोपतो. शिपाई साहेब म्हणून हाक मारतो आणि मी मागे वळून बघतो कुणाला म्हणतोय ते.

आता बसून वाच. पक्षप्रमुखांनी बोलावून सांगितलं, कामगार खात्याचा राज्यमंत्री मला करणार. ताई, मंत्री! बाहेर आलो आणि जिन्यात एकटाच खुळ्यासारखा हसत उभा राहिलो.

पण त्यात एक मेख आहे. गुरुवारी आपलं विधेयक येतंय आणि ते समितीकडे पाठवायचा ठराव आमचाच पक्ष मांडणार आहे. समितीकडे गेलं की बासनात गेलंच समज. आदेश वगैरे काढलेला नाही, पण मी ठरावाच्या बाजूने राहावं असं गोड शब्दांत कानावर घातलंय. पक्षात बऱ्याच जणांना हे आवडलेलं नाही, पण पुढे व्हायला कुणी धजत नाही. प्रमुख म्हणतात, आधी मंत्री हो, मग तूच आण विधेयक. पटतंही आणि नाहीही. प्रश्न तुझ्या नोकरीचा आहे, म्हणून तुला एकटीला विचारत नाही. गेटवर सभा घेऊन सगळ्यांना विचार आणि कळव.

मंत्री झालो न झालो, लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भोंगा

दि. २४ जून

चि. भोंग्यास, अनेक आशीर्वाद.

गेटवर तुझ्या जागी स्टुलावर मला चढवलं. नव्या पोरींसाठी आपली रीत आधी सांगितली. मान्य असेल त्याने बसायचं, विरोध असेल त्याने उभं राहायचं, म्हणजे विरोध करणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसतं. मग विचारलं, भोंग्याने आधी मंत्री व्हावं, हे मान्य? भट्टीवरचे काका बसायला लागले, आजूबाजूला पाहिलं आणि गुडघे धरत पुन्हा उठले. अख्खं गेट उभं!

मंत्र्याची बहीण व्हायची हौस मला नाही असं नाही. सरकारी गाडीतून तू गेटवर उतरतोस, हे मी डोळ्यांसमोर आणूनही पाहिलं. पण मीही उभीच होते, तीही स्टुलावर. काय ते समज.

प्रकृतीला जप, आणि ओरडू नकोस.

तुझी,
ताई

दि. २८ जून

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

काय सांगू, ताई! आवाजी मतदानात नुसता गोंधळ झाला, म्हणून डोकी मोजायचं ठरलं. सभागृहाचे अध्यक्ष म्हणाले, ठरावाच्या बाजूचे असतील त्यांनी उभं राहावं. माझ्या डोक्यात एकच, मला विरोध करायचाय. आणि मी ताडकन उभा राहिलो. सगळ्यांच्या आधी! पक्षप्रमुख खूश होऊन मान डोलवायला लागले तेव्हा कळलं काय करून बसलो ते.

माइक बंद. मग काय, गेटवरचा आवाज काढला. सांगितलं की आमच्या गेटवर विरोध करणारा उभा राहतो, मी या ठरावाच्या विरोधात आहे, मला बसलेल्यांत मोजा. आणि बसलो. आधी हशा पिकला. मग माझ्या मागे उभे असलेले आमच्याच पक्षाचे मास्तर बसले. मग डॉक्टरबाई बसल्या. बघता बघता रांगच्या रांग खाली बसली. ठराव पडला आणि संध्याकाळी विधेयक मंजूर! ताई, तू कायम होणार!

मंत्रिपद दुसऱ्याला गेलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. त्याच जिन्यात पुन्हा एकटा उभा होतो, या वेळी हसू काही येईना. तू रुसू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
भोंगा

दि. ३ जुलै

चि. भोंग्यास, ताईचे पोटभर आशीर्वाद.

कायदा लागू व्हायला वेळ आहे म्हणतात, पण मुकादम आत्तापासूनच मला अहोजाहो करतो. पोरी त्याच्या नकला करून हसून हसून लोळतात.

काल गेटवर ठराव आला, पुढच्या वेळीही आमदार भोंगाच. मान्य असेल त्याने बसावं म्हटल्याबरोबर सगळे धपाधप बसले, भट्टीवरचे काकासुद्धा. मी एकटी उभी. काका खवळलेच, सख्खी बहीण आणि विरोध? मी हातानेच त्यांना बसून राहा म्हटलं.

तुला सांगते. विरोध नव्हता रे. खाली बसले असते तर तुझ्यासाठी बसलेलं अख्खं गेट मला दिसलं नसतं.

आता घरी ये.

तुझी,
ताई