एक हात कुत्र्यावर

३ मार्च

आजपासून मी कुत्र्यांची न्हावीण. इतकी वर्षं पार्लरमध्ये बायकांचे केस कापले आणि केसांबरोबर त्यांच्या सासवांची गाऱ्हाणीही ऐकली. आता गिऱ्हाईक केसाळ असलं तरी मुकं आहे, म्हणून मी जाम खूश आहे. ताईला फोन केला तर म्हणे, शेवटी कुत्र्यांनाच आंघोळ घालणार का. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी वागतात.

दुकान झकास आहे. काचेचं दार, त्याच्या आत जाड लोखंडी दार, दोन टब, तीन टेबलं, भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी. मागची खोली मला राहायला. मालकीणबाई मात्र नमुना आहे. खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर कुत्रं नाही, टेबलाच्या दांड्याला कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचा फास नुसता लोंबतो, आणि ही त्या रिकाम्या टेबलावर डावा हात अधांतरी धरून उभी. चहा एका हाताने, सही एका हाताने. चालतानाही डावा हात मांडीजवळ वाकवलेला. केस पिंजारलेले, कारण अंबाडा घालायला दोन हात लागतात. ही मला टापटीप शिकवणार.

५ मार्च

शिकवणी सुरू. नख खोलवर कापलं गेलं तर रक्त थांबवायची पावडर दाबून धरायची. ड्रायरची हवा आधी आपल्या मनगटावर घेऊन बघायची. हिरडी दाबून सोडली की लगेच गुलाबी झाली पाहिजे, पांढरीच राहिली तर डॉक्टरकडे पळायचं. इथवर ठीक. पण एक पालुपद दिवसभर चालू असतं: कुत्रं टेबलावर असेतो एक हात त्याच्यावर. गळ्यात फास आहे म्हणून विसंबायचं नाही, उडी मारली तर त्याच फासाला लटकतं. लटकलंच तर आधी वजन उचलायचं, मग फास सोडवायचा. हे माझ्याकडून शाळेतल्या पोरीसारखं घोकून घेतलं.

मी विचारलं, टॉवेल घ्यायला हात काढला तर तेवढ्यात काय होतंय? बाई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिला चावले.

८ मार्च

आज एका बाईने आपल्या बुटक्या कुत्र्याची 'आई' अशी स्वतःची ओळख करून दिली. बाळाला ड्रायरचा आवाज सहन होत नाही म्हणे. बाळ सगळा वेळ घोरत होतं. मी मुद्दाम हात काढून टॉवेल आणला, फोन बघितला, नाक शिंकरलं. काही झालं नाही. होणार काय, कपाळ.

खिडकीजवळच्या टेबलाखालून केर काढला. काळे, ओले केस निघाले. आज काळं कुत्रं आलंच नव्हतं. मालकीणबाईला सांगितलं तर तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

१२ मार्च

बाईचा डावा खांदा धरलाय. डॉक्टर हात वर करून बघणार, म्हणून ती घाबरलेली. सकाळी मला बाजूला घेऊन काय सांगावं? पूर्वी कधीतरी खिडकीजवळच्या याच टेबलावर एक काळं कुत्रं होतं, हिने फोन घ्यायला हात काढला, आणि ते फासाला लटकून मेलं. तेव्हापासून ते तिच्याबरोबर असतं. ती येईपर्यंत मी त्याच्यावर हात ठेवायचा. हात काढायचा नाही, बाकी काही नाही. मला हसू आवरेना. कुत्र्यांत राहून माणसाचं डोकं असं होत असेल तर मला जपायला हवं.

तरी ठेवला हात, पगार तीच देते. हवेतच ठेवला. हाताखाली ऊब लागली. खिडकीतलं ऊन, दुसरं काय.

मग ताईचा फोन वाजला. ड्रायरवर ठेवला होता, हात पुरेना. म्हटलं, तेवढ्यात काय होतंय.

फास हिसका बसून टेबलाच्या कडेवरून खाली गेला. दांडा वाकला. फास आवळलेला, आत कुणी नाही, आणि तो ताणलेलाच झुलत होता. आधी वजन उचलायचं, हे मला पाठ होतं. पण उचलू काय? मी बघत उभी राहिले. हळूहळू झुलणं थांबलं.

बाई परतली. रागावली नाही. पिना तोंडात धरल्या आणि दोन्ही हातांनी, सावकाश, घट्ट अंबाडा घातला. म्हणाली, आता ते तुझं. बॅग भरून तिच्या बहिणीकडे गेली. असली मालकीण.

मी लोखंडी दार ओढून आतून कडी लावली. कडी गंजकी, एका हाताने उचलून दुसऱ्याने सारावी लागते. लावताना गळ्याशी काहीतरी आवळलं. ओढणी असेल.

१३ मार्च

ओढणी नव्हती.

गळ्याभोवती लाल वळ आहे. डावा हात मांडीजवळ खाली सोडला की बोटांना ओली लव लागते आणि श्वास मोकळा होतो. हात काढला की — आज मुद्दाम काढून बघितला. टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

१५ मार्च

बाई फोन उचलत नाही. दोन्ही हात मोकळे असतील तरीही नाही.

दुकान बंद. गिऱ्हाइकं दार ठोठावतात आणि जातात. कडी एका हाताने निघत नाही. बाळाची आई काचेला नाक लावून खिडकीच्या गजांतून बघत होती, माझ्या पिंजारलेल्या केसांकडे. तिला मी कशी दिसले ते मला ठाऊक आहे. कुत्र्यांची बिस्किटं खातेय. वाईट नाहीत.

झोपले की हात सुटतो. झोपत नाही —

१६ मार्च

ताईला सगळं सांगितलं. आधी हसली. मग मी रडले तशी तिने पत्ता लिहून घेतला. येते म्हणाली. तिच्याकडून घोकून घेतलं — मी लटकलेली दिसले तर आधी मला उचल, मग गळा सोडव. आधी वजन. तीनदा म्हणायला लावलं.

१७ मार्च

ताई आली. दार बडवतेय. नावाने हाका मारतेय.

खांद्याने रेटून बघितलं. दातांनी बघितलं. कडी हलत नाही. दुसरा हात लागेलच —

ती दाराच्या पलीकडेच आहे. दार उघडलं की ती उचलेल. वळ दुखतोय, हाताखालचं ते थरथरतंय, उडी मारायच्या आधी मारतात तसं —

कडी सारायला कितीसा वेळ. एक हिसका. तेवढ्यात काय हो