समोर बसणारी त्रिवेणी

चुडावा, रविवार

तपासणीला आलेल्या मॅडम,

परवा मी ओट्यावर शिकवते त्या वर्गात तुमी त्रिवेणीपुढं कागद धरला. तिला एक शब्द वाचता आला न्हाई, तुमी फुली मारली.

तुमी गेल्यावर तिनं तोच कागद उचलला, खालची बाजू वर केली आन् सगळी गोष्ट घडाघडा वाचली!

मी चाटच पडले. मग ध्यानात आलं. वर्गाला संस्थेनं दिलेलं पुस्तक एकच. ते माझ्या मांडीवर, पोरं दोन्ही बाजूंना चिकटून. धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्रिवेणी उशिरा येते, तिला जागा उरते समोर. वर्षभर ती तिथूनच शिकली.

तिला वाचता येतंय हे तिच्या वडिलांना सांगितलं, तर म्हणले, "मॅडमनी फुली मारली ना? मंग सोमवारपासून कापूस वेचायला येऊ दे."

फुली खोडा, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. पण तिला तिथं बसवणारी मीच, म्हणून ते अजून वहीतच हाय.

पोरं गेली की मी तिच्या जागी बसून पुस्तक वाचून बघायलेय. पहिल्याच ओळीला अडखळले. ह्या पोरीला हे जमलं तरी कसं? आन् माझ्या नावापुढं काय माराल, मॅडम?

उद्या सोमवार हाय.

तिच्या जागेवरून,
शिवकन्या