तुटक्या दाताची टकटक

रविवार, संध्याकाळ

बाबांचा लोखंड कातायचा लेथ आज फिरला. ते गेल्यापासून मागच्या शेडमध्ये गंजत होता. सुट्टी मिळेल तसा घासला, रॉकेलने धुतला, आणि तुटक्या दाताचा गिअर काढून नवा बसवला. बाबांनी तो तुटका कधी बदललाच नाही. पूर्णगडच्या लाँचींचे शाफ्ट त्यावरच केले, प्रत्येक फेऱ्याला टक, टक. ती टकटक थांबली की आई पानं घ्यायची. हाक मारावी लागायची नाही.

आज बटण दाबलं आणि इतका मऊ चालला की मीच खूश. पडवीत बसलेल्या आईला ओरडून विचारलं, "कसा चाललाय?"

"लावलास कुठे अजून?"

"चालू आहे, आई."

ती जरा वेळ कान देऊन बसली. "टकटक नाही रे ती," म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. की मलाच ती टकटक ऐकायची होती? मग गिअर बदलला कशाला?

हात धुऊन जेवायला गेलो तर पानं घेतलेली नव्हती. आई चुलीपाशी तशीच बसलेली.

"थांबलास ते कळलंच नाही रे."

जुना गिअर भंगारात टाकायचा राहिलाय. राहू दे.