टप कोणता

शेलूबाजार, १२ डिसेंबर १९५५

दलालाने आज दोन जुन्या मोटारी दारात आणून उभ्या केल्या. एकीचा टप कापडी, मागे दुमडता येणारा. दुसरीचा पक्का, पत्र्याचा. हे म्हणाले, "सांग, तुले कोनती पसंत हाय?"

मला टपाचं काही सुचेना. यांचे हात डोळ्यांपुढून जात नव्हते. उघडी गाडी चालवून पाहताना समोर म्हैस आली, तर ब्रेक दाबायचा सोडून यांनी चाक कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि "होऽ, होऽ" म्हणाले. बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, जिंकलेला माणूस. गाडी बांधावर चढली तेव्हा कुठे थांबली. हे हसले. मागे बसलेली मी, मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून.

उघडी उलटली तर डोक्यावर काहीच नाही. बंद गाडीला दारं दोनच; पुढचा उठल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. मग कोणती?

"बंद घ्या, धूळ नाही लागत," एवढंच मी बोलले. हातांचं काहून नाही बोलले? दलालासमोर कशी बोलणार?

बंदच घेतली. उद्या त्याच गाडीतून मला रिठदला, माहेरी नेणार आहेत. गाडी हिच्या पसंतीची, असं ओसरीवर आल्यागेल्याला सांगून राह्यले.