मुतखडा नव्हता

निमगाव केतकी, १२ मार्च १९९५

सोमनाथराव, जयभीम.

करुणा गेली, आज तिचं पुण्यानुमोदन झालं. तुमच्या आई बायकांत म्हणाल्या, "मुतखड्याची पोरगी बांधली आमच्या गळ्यात. सांगितलं व्हय कुणी?"

मुतखडा नव्हता. बाळंतपणात फार रक्त गेलं, त्यानं दोन्ही मूत्रपिंडांचा बाहेरचा थर मेला आणि पुढे तिथे चुना साचला, तोच तुमच्या आईंना खडा वाटला. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवलं. "आणायला उशीर का झाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जीप मिळाली नाही.

जीप दारात होती. तुमच्या आई म्हणत होत्या, "पहिलटकरणीचं रक्त जातंच एवढं." तुम्ही गप्प होता. मी तिची सख्खी बहीण, पण मुलीकडची म्हणून मीही गप्प राहिले.

बाळ तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र टाकणार नाही. त्याला भेटू दिलं, तर तुमच्या आईंच्या पायाही पडेन.

आजारपणात करुणा माझ्याकडेच होती; आता एकटीपुरता भात टाकते.

विशाखा